पंचफुलाचे वीस झुपके

कळमेश्वरजवळच्या तलावाच्या पाळीवर पंचफुला म्हशीसाठी गवत कापायची, आणि कॅमेरेवाल्यांवर तिचा भारी दात होता.

पावसाळ्यात हळदीकुंकू बदक त्या पाळीवर, गवतातच घरटं करायचं. अंग वाळल्या पानासारखं तपकिरी. काळ्या चोचीचं टोक पिवळं आणि बुडाशी दोन लाल ठिपके. मादी चरायला उठली की छातीची पिसं अंड्यांवर पांघरून जायची. पंचफुला तेवढा झुपका न कापता सोडायची. तिची सासूही तेच करायची.

गेल्या साली नागपूरच्या एका साहेबानं नेमका तोच झुपका हेरला. सगळी पाळ भादरलेली आणि मधेच एक शेंडी, आंधळ्यालाही दिसली असती! फोटोसाठी त्यानं पिसं बाजूला सारली आणि अंडी तशीच उघडी टाकून गेला. दुपारपर्यंत कावळ्यांनी आठही फोडली. पत्ता आपणच दिला, हे पंचफुलाच्या जिव्हारी लागलं.

यंदा साहेब पुन्हा आला, तर पाळीवर जागोजागी वीस झुपके उभे.

"मावशी, घरटं कुठल्या झुपक्यात आहे?"

"त्या टोकाच्यात, साहेब. पण पालथे पडून पाहा. माणूस दिसला का उडते ते."

साहेब तासभर चिखलात पालथा पडून राहिला. मग लडबडलेला उठला आणि ओरडला, "अहो, इथं तर काहीच नाही!"

पंचफुलाच्या पाठीमागच्या झुपक्यात मादी निवांत बसली होती. पंचफुलानं विळा थांबवला नाही.

"मंग मागच्या साली तू काय ठेवून गेल्ता गा?"