तिसऱ्या जागेवरचा माणूस

बायकोने भांडणं सोडलं, तेव्हा मला पहिल्यांदा संशय आला.

प्रसंग साधा होता. कुकरची रिंग आणायला तिने मला डोणगावहून मेहकरला पाठवलं. नमुना म्हणून जुनी रिंग पिशवीत दिली. मी दुकानात गेलो, घासाघीस केली, भाव पाडला आणि मोठ्या ऐटीत घरी येऊन पिशवी तिच्या हातात दिली. पिशवीत जुनीच रिंग होती. नवी, पैसे मोजून घेतलेली, दुकानदाराच्या काउंटरवर राहिली होती.

एरवी अशा वेळी माझ्या आईपासून सुरुवात होऊन शेजाऱ्यांच्या हुशार नवऱ्यापर्यंत सगळ्यांचा उद्धार होतो. मी मान खाली घालून तयारीत बसलो होतो. ती म्हणाली, "असू द्या. होते असं."

मी दचकून वर पाहिलं. आमच्या संसारात हे वाक्य आधी कधी कोणी बोललं नव्हतं.

माझा धंदा सांगितला पाहिजे, म्हणजे माझी अवस्था कळेल. मी धान्याच्या अडतीवर माल पाहतो. सोयाबीनचं पोतं आलं की त्यात परखी खुपसायची. ही एक लोखंडी नळी असते, तिने पोत्याच्या पोटातला माल हातावर येतो. वर टपोरे दाणे दिसले की खाली माती असणारच, या विश्वासावर माझा पगार चालतो. सगळा जन्म असा गेल्यावर गोड शब्द ऐकला की माझा हात आपोआप परखीकडे जातो.

म्हणून मी तपास सुरू केला. हिला काही आजार निघाला असेल आणि लपवत असेल? की मुलीने, आमची मुलगी देऊळगाव राजाला दिली आहे, तिने काही मागितलं असेल? की माहेरच्या जमिनीत हिस्सा मिळाला आणि आता माझी गरज उरली नाही?

धागा पहाटे सापडला. ही पुढच्या खोलीत बुद्धमूर्तीसमोर सतरंजीवर डोळे मिटून बसायची. विहारात एक निवृत्त नर्सबाई ध्यान शिकवतात, सगळे त्यांना सिस्टरच म्हणतात, तिथे ही जायला लागल्याचं मला माहीत होतं. पण विहारात मी पौर्णिमेच्या खिरीपुरता जाणारा माणूस. आत काय चालतं ते कधी विचारलं नव्हतं. आता पडद्याआड उभा राहून कान लावला. तिचे ओठ हलत होते. "सुखी राहो... निर्भय राहो..." एवढं कळलं. कोण सुखी राहो, ते कळेना. मी आणखी वाकलो आणि मागे गॅसवर ठेवलेलं दूध उतू गेलं.

"असू द्या," ती डोळे न उघडता म्हणाली.

आता मात्र माझी झोप उडाली. संध्याकाळी मी थेट विहारात जाऊन मागच्या रांगेत बसलो. सिस्टर म्हणाल्या, "या भाऊ. आज खीर नाही बरं का."

त्यांनी मैत्री भावना समजावली. मनात चार जागा करायच्या. पहिल्या जागेवर स्वतःला बसवायचं आणि स्वतःसाठी सुख मागायचं. दुसऱ्यावर जिवलग माणूस. तिसऱ्यावर असा माणूस, जो रोज दिसतो पण ज्याच्याबद्दल काहीच वाटत नाही, ना ओढ ना राग. चौथ्यावर ज्याने आपल्याला त्रास दिला तो. चौघांसाठी सारखंच मागायचं.

मी डोळे मिटले. 'मी सुखी राहो' म्हणालो. आतून लगेच आवाज आला: काऊन बे? काय केलं तू सुखी राहासारखं? रिंग आणता येत नाही तुला, माठ्या! आतल्या माणसाने माझ्या पोत्यात अशी परखी खुपसली की सगळी मातीच बाहेर आली. म्हटलं, ही जागा राहू दे. पुढच्या सोप्या गेल्या. दुसऱ्यावर बायको. तिसऱ्यावर बसस्टँडवरचा पानटपरीवाला, ज्याचा चेहरा आठवायला गेलो तर फक्त टोपी आठवली. चौथ्या जागेसाठी तर रांग लागली.

"भाऊ, एक डोया उघडा हाय," सिस्टर म्हणाल्या.

"दुसरा बंद हाय ना," मी म्हणालो. बायकांची अख्खी रांग हसली. आमची ही मात्र हसली नाही. ती कोणासाठी तरी सुख मागत होती. आणि त्या क्षणी माझ्या डोक्यात उजेड पडला. हिने मला कितव्या जागेवर बसवलंय?

हिशोब सरळ होता. पहिल्यावर ती. दुसऱ्यावर मुलगी, यात शंका नाही. तिसरी परक्याची. राहिला मी, म्हणजे चौथी जागा. म्हणूनच ते 'असू द्या'! वैऱ्याशी गोड वागायचं शिकत होती ती, आणि सराव माझ्यावर चालला होता.

खात्री करायला हवी होती. विचारायचं सोडून मी मोबाईल रेकॉर्डिंगला लावला आणि पहाटे मूर्तीच्या टेबलावरच्या कापडाखाली सरकवला. मूर्तीकडे मात्र बघवेना. ही येऊन बसली. मी स्वयंपाकघरात निरागसपणे चहा गाळत राहिलो. घरात शांतता पसरली, आणि त्या शांततेत मूर्तीपुढच्या कापडाखालून वरातीचा बँड वाजायला लागला. अडतीवरच्या गोंगाटात ऐकू यावं म्हणून रिंगटोन मीच लावून घेतली होती. मालकाला सोयाबीनच्या गाडीचं विचारायचं होतं.

तिने कापड उचललं, मोबाईल काढला, बंद केला.

"हा इथं काऊन ठेवला?"

"चार्जिंगले."

"इथं बोर्ड हाय का?"

"नाई."

"मंग?"

तेव्हा मी चहाची गाळणी हातात धरूनच बोलून टाकलं. "मले एवढंच पाह्यचं होतं. त्या चौथ्या जाग्यावर मीच हाय ना?"

तिने टेबलावरचं कापड नीट केलं. मग म्हणाली, "नाई. तिथं तुमची बहीण हाय."

मला किती हलकं वाटलं! बहिणीचं वाईट वाटायला हवं होतं, ते नंतर आठवलं. "मंग दुसऱ्यावर?"

"पोरगी."

"अन् मी?"

"तिसऱ्यावर."

मी गाळणी खाली ठेवली. मला टपरीवाल्याची टोपी आठवली. वैरी असतो तर निदान माझा राग तरी आला असता तिला. इतकी वर्षं एका ताटात नसलं तरी एका छपराखाली जेवून मी टोपीइतकाच उरलो होतो.

"असं तोंड नका करू," ती म्हणाली. "आधी चौथ्यावरच होते तुमी. लय दिवस. तिथून तिसऱ्यावर आणता आणता माह्ये गुडघे दुखून आले."

"अन् दुसऱ्यावर कधी आणशीन?"

"ते माह्या एकटीच्या हातात हाय का?"

"पण मी केलं काय वं?"

"मी बजारातून आली की तुमी आधी पिशवी पाह्यता, मंग माहं तोंड. कई कई तं तोंड पाह्यतच नाई. कोणापासून घेतलं, केवढ्याले घेतलं, खाली काय सडलं." तिने मोबाईल माझ्या हातात दिला. "तुमालेच नाई म्हणत. मी बी सोताचं तेच करो. दिवसभर काय सांडलं, काय राह्यलं, तेच उकरत बसो. सिस्टरनं पहिल्या दिवशी म्हटलं, सोतासाठी मांगा, तं मले मांगताच येईना. रडली मी तिथं."

हे मला माहीत नव्हतं. ती रडून घरी आली असेल, त्या दिवशी मी काय पाहिलं असेल? पिशवीच.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी तिच्या शेजारी सतरंजीवर बसलो. पहिल्या जागेवर नेहमीचा आवाज आला, माठ्या. मी म्हटलं, बरं, माठ्या तर माठ्या, पण सुखी राहा बाबा. आतला माणूस गोंधळला. थोडा वेळ गप्प बसला. नंतर पुन्हा सुरू झाला म्हणा, पण तेवढा वेळ बरा गेला. तिसऱ्या जागेची वेळ आली असेल असा अंदाज घेऊन मी एक डोळा उघडून तिच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावरून काही कळलं नाही.

मग बाजाराचा दिवस आला. मी ओट्यावर बसून होतो. ती कोपऱ्यावरून येताना दिसली आणि मी मनाला बजावलं, आधी तोंड. पाहिलं. नाकाच्या शेंड्यावर घाम होता, चष्म्याने नाकाच्या दोन्ही बाजूंना वण पाडले होते. ते वण कधीचे, मला आठवेना. ती थकलेली दिसत होती. खोटं कशाला सांगू, एवढं पाहिलं आणि नजर घसरलीच. पालकाची जुडी आतून काळी पडली होती. वांग्याला चक्क भोक होतं. माझे हात शिवशिवले.

"असू दे," मी म्हणालो. "बस. पाणी आणतो."

ती पायरीवरच थांबली. "काय झालं?"

"काई नाई."

"पोरीचा फोन आला होता का? तिकडं काई झालं का?"

"नाई वं."

तिने पिशवी खाली ठेवून माझ्या कपाळाला हात लावला. मग आत गेली. मी पाण्याचा तांब्या घेऊन मागोमाग गेलो, तर ती गॅसभोवती दूध सांडलंय का ते पाहत होती. तिथून पुढच्या खोलीत येऊन तिने मूर्तीच्या टेबलावरचं कापड उचलून खाली डोकावलं. काही नव्हतं. तेव्हा वळून तिने तांब्या घेतला आणि पाणी न पिता, मी सोयाबीन पाहतो तसा एक डोळा बारीक करून, माझ्याकडे पाहिलं.

"आता खरं सांगा," ती म्हणाली. "काय करून ठेवलं?"