भागूबाई कुणाकडं बघत होती

शूटिंगवाल्यांचा टेम्पो वाडीच्या खाली येऊन थांबला, की भागूबाई हल्ली लगेच चढत नाही. पदर खोचते, टेम्पोच्या फाळक्यावर हात ठेवते आणि माणसं पुरवणाऱ्या कुमारला विचारते, "आज माजं तोंड कुणाच्या शेजारी चिकटवणार हाय, ते आदी सांग." कुमार कपाळावर हात मारून घेतो. बाकीच्या बाया फिदीफिदी हसतात. हसू देत! उत्तर मिळाल्याशिवाय ही बाई पाय उचलत नाही. एकदा न विचारता चढली, तर पाठचा भाऊ तुटायची वेळ आली होती.

भागूबाईचं सासर गुंजवणे गावाच्या वर, डोंगराच्या सोंडेवरच्या वाडीत. घरं मोजकी आणि शेळ्याच जास्त. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, पोरगा पुण्याला कंपनीत, घरात सून शिवानी आणि ही. जीभ अशी, की वाडीतली भांडणं हिच्या ओट्यावर येतात आणि हिनं चार शब्द सुनावले की मुकाट घरी जातात. माहेर खाली गुंजवण्यात. तिथं धाकटा भाऊ हरिबा. आई लवकर गेली, तेव्हा हरिबाला कडेवर घेऊनच ही शेळ्या वळायची. त्यामुळं हरिबा साठीला आला, डोक्याचे केस पिकले, तरी हिच्या लेखी अजून शेंबडं पोर.

तर हा हरिबा गरीब गाय, पण धरणाचं नाव काढलं की त्याचं डोकं सटकायचं. त्याची भाताची खाचरं पाण्याखाली गेलेली. बदल्यात जमीन मिळाली, ती लांब आणि मुरमाड. एसटीच्या थांब्यावर कुणी सहज म्हणालं, "औंदा धरण भरलं बरं का," तरी हा गडी तिथून उठून जायचा.

असं असताना गुंजवण्याच्या माळावर पिक्चरवाले आले. कुमारनं बायाबापडे गोळा केले. हरिबानं बहिणीला विचारलंसुद्धा, "अक्का, कसला पिक्चर हाय ह्यो?"

"मला काय ठावं?" भागूबाई म्हणाली. "म्या गर्दीतली बाई. गर्दीला कोण गोष्ट सांगतंय?"

खरंच कुणी सांगितली नव्हती. पहिल्या दिवशी तिनं एवढंच पाहिलं, की कॅमेरावाल्यानं जमिनीत गुडघाभर खड्डा खणून घेतला आणि त्यात कॅमेरा ठेवून बांधावर उभ्या असलेल्या पुढाऱ्याचा फोटो काढला. पुढारी म्हणजे नट. कोट झकास, पण उंची बेताची, आमच्या हरिबाच्या खांद्याला लागेल इतकीच. दुसऱ्या दिवशी तो नट आलाच नाही. एका पोऱ्यानं बांबूला तांबडं फडकं बांधून बांधावर धरलं आणि डायरेक्टरसाहेब म्हणाले, "मंडळी, हे फडकं म्हणजे साहेब. साहेब भाषण करताहेत. बघा." मग काय, सगळी गर्दी फडक्याकडं बघत बसली. भागूबाईला ना भाषण ठाऊक, ना साहेब. त्यात त्या दिवशी तिची काळी शेळी विताना अडलेली. शेळी हरिबाच्या हवाली करून ती आली होती खरी, पण सगळा जीव गोठ्यात. फडक्याकडं बघून बघून मान तेवढी अवघडली.

दसऱ्याच्या आसपास पिक्चरवाल्यांनी गावात पिक्चर दाखवायचा शब्द पाळला आणि भैरवनाथाच्या देवळापुढं पडदा लावला. गाव लोटलं. हरिबा यायला तयार नव्हता, पण बहीण पडद्यावर दिसणार म्हणून आला आणि पुढंच बसला.

पिक्चर निघाला धरणाचा! जमीन द्यायला नकार देणारा एक म्हातारा होता. त्याला दाखवायचा तो सगळा वरनं, झाडाच्या शेंड्यावरनं. एवढंसं डोकं, पायाखाली लांब सावली, मागं कावळ्यांचा कलकलाट. बघणाऱ्याला उगाच वाटावं, की हा म्हातारा काहीतरी पाप करतोय. आणि पुढारी आला की कॅमेरा खड्ड्यातनं वर. एवढासा माणूस पार आभाळाला टेकलेला, मागं ढग, जोडीला सनई. तो म्हणाला, "तुमच्या एका खाचरावर हजार घरांचं पाणी भरेल." आणि लगेच पडदाभर भागूबाईचं तोंड.

काय ते तोंड! डोळे भरलेले, ओठ हसायला लागलेले, सगळ्या सुरकुत्या उजळलेल्या. जणू देवच भेटलाय. देवळापुढं टाळ्यांचा कडकडाट झाला. ज्यांची खाचरं गेली होती, त्यांनीही टाळ्या वाजवल्या. आणि हरिबा? हरिबाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

दिवे लागले तेव्हा त्याला भान आलं, की आपण कुणाच्या भाषणाला रडलो. तो उठला. भागूबाई समोरच होती, तोंडभर हसत. "दिसले का रं मी बरी?"

"अक्का," हरिबा म्हणाला, "त्या माणसाकडं तू अशी बघतीस? माजी खाचरं बुडवणाऱ्याकडं? आन् मलाबी रडीवलंस त्याच्यापायी."

"आरं मुडद्या, म्या फडक्याकडं बघत हुते!"

"फडक्याकडं कुणी असं बघतंय व्हय?" म्हणाला आणि अंधारात चालता झाला.

भागूबाईला स्वतःलाच ते कोडं पडलं. फडक्याकडं आपण असं बघणार नाही, हे तिलाही कळत होतं. मग बघितलं कुणाकडं? हरिबा वाडीवर यायचा बंद झाला. बाजारात दिसला तर रस्ता बदलायचा. आणि भाऊबीज तोंडावर आलेली. आजवर एकही भाऊबीज त्यानं चुकवली नव्हती. अंगात ताप असतानाही डोंगर चढून आला होता. ह्या वेळी आला नाही तर? भागूबाई दिवसातनं चारदा खालच्या वाटेकडं बघून यायची. वरून मात्र "न्हाई आला तर ऱ्हायला" असं म्हणत शेळ्यांवर ओरडत होती.

शेवटी तिनं ठरवलं. तीच पिक्चरची मंडळी भोरला राजवाड्यात दुसरं शूटिंग करताहेत, असं कुमारकडून कळलं. शिवानीला बरोबर घेतलं, नसरापूर फाट्यावर एसटी बदलली आणि बाई थेट जाऊन उभी राहिली. डायरेक्टरच्या हाताखाली सुप्रिया नावाची मुलगी होती. मागच्या खेपेला हिच्याकडची भाकरी-ठेचा खाऊन गेलेली.

"बाई गं," भागूबाई म्हणाली, "माजं तोंड त्या कोटवाल्याच्या फुड्यात का ठिवलंस? म्या तर त्याला त्या दिशी बघितलाबी न्हाई."

सुप्रियाला आधी हसू आलं, मग ती ओशाळली. "मावशी, खरं सांगू? त्या भाषणाला काही रंगच चढत नव्हता. खालून कॅमेरा लावला, सनई घातली, तरी बघणारा थंडच. मग सरांना तुमचा हा चेहरा सापडला. भाषणापाठोपाठ टाकला आणि आम्ही सगळे गप्पच झालो. लोकांना साहेब पटत नाहीत, मावशी. तुम्हाला ते पटले असं दिसतं, म्हणून लोकांना पटतात."

"मंजी भाषणात दम न्हवता, म्हून माजं तोंड लावलं?"

"तसंच समजा."

"बरी हाय तुमची कला! आन् त्यो झाडावरनं दावलेला म्हातारा? त्याच्या फुड्यात माजं तोंड लावलं असतं तर?"

"तर लोक त्याच्यासाठी रडले असते," सुप्रिया म्हणाली.

"मग म्या बघत कुणाकडं हुते, त्ये तरी दाव."

सुप्रियानं लॅपटॉप उघडला. मूळ तुकडा काढला, कुठंही न कापलेला. त्यात आधी डायरेक्टरसाहेबांचा आवाज, "कट! चहा घ्या." फडकं खाली गेलं. गर्दी मोकळी झाली. भागूबाई मान चोळत बांधाच्या पलीकडं बघायला लागली आणि बघता बघता तिचं तोंड तसं झालं. तेच ते, देव भेटल्यासारखं. मग कॅमेरा तिच्या नजरेमागं हळूच वळला.

बांधावरून हरिबा येत होता. उघडाबंब, कारण अंगातला सदरा काढून त्यात गुंडाळलेलं ओलं करडू छातीशी धरलेलं. मागं काळी शेळी ओरडत. आणि हा लांबूनच हात करून सांगतोय, दोघं बी जित्ती हायेत, अक्का, दोघं बी.

भागूबाईनं पदर तोंडाला लावला. मग शिवानीला म्हणाली, "मोबाईलवर घे ह्ये. आन् धाड त्याला. खाली काय बी लिहू नगंस."

शिवानीनं तिथूनच पाठवलं. हरिबानं बघितल्याच्या निळ्या खुणा आल्या. उत्तर मात्र आलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही.

भाऊबीज उजाडली. भागूबाईनं अंगण सारवलं, पाट मांडला, ताट केलं. दिवस मावळला. ज्या बाईचा भाऊ येत नाही तिनं चंद्राला ओवाळायचं, अशी रीत. बीजेची बारीक कोर, घटकाभरात डोंगराआड जाणारी. शिवानी हळूच म्हणाली, "आत्या, चंद्र मावळाया लागला."

"लागू दे," भागूबाई खेकसली. "मला भाऊ हाय."

पण म्हणता म्हणता तिनं ताट उचललं. निरंजन लावलं. तेवढ्यात खालच्या वाटेवरून खोकल्याचा आवाज आला. चढणीला लागलेला, ओळखीचा. भागूबाई ताट घेऊन तशीच दारात उभी.

हरिबा वर आला. दम लागलेला. त्यानं पाय धुतले आणि पाटावर बसला. भागूबाईनं कुंकू लावलं, अक्षता टाकल्या. ओवाळायला ताट उचललं आणि त्याच्याकडं बघितलं.

हरिबा तिच्या तोंडाकडं बघतच राहिला. मग त्याचे डोळे भरून आले.

"ह्येच ते," तो म्हणाला. "मंजी त्या दिशी म्या बरोबरच रडलो हुतो, अक्का."