माझ्याहून तेरा वर्षांनी मोठी परीक्षक

माझी बायको माझ्यापेक्षा तेरा वर्षांनी मोठी आहे. हे मी पहिल्याच वाक्यात सांगून टाकतो, कारण नाही सांगितलं तर लोक मनातल्या मनात वजाबाकी करत बसतात आणि माझ्या बोलण्याकडे त्यांचं लक्ष राहत नाही. मी त्रेपन्न, ती सहासष्ट. लग्न ठरलं तेव्हा माझी आई म्हणाली होती, "तुझी पन्नाशी उलटेल तेव्हा तिची सत्तरी दारात असेल. मग माझ्याकडे रडत यायचं नाही." मी हसून म्हणालो, "तेव्हाचं तेव्हा बघू." आई आता नाही, त्यामुळे रडत जायची सोय तशीही राहिलेली नाही. आणि ते 'तेव्हा' मात्र या वर्षी एव्हरशाईन वसाहतीतल्या आमच्या घरी येऊन पाय पसरून बसलं.

झालं असं. आमच्या गेटपाशी जवळच्या गिरीज गावातून एक बाई वाडीतली भाजी घेऊन येते. बायको तिच्याशी अळूच्या जुडीवरून घासाघीस करत होती आणि बोलता बोलता एकदम खाली बसली. भाजीवालीला वाटलं, भाव पाडायची ही नवी तऱ्हा. "बसा हवं तेवढं, मी काय कमी करायची नाय," ती म्हणाली. मलाही हसू आलं. मग बायकोची मान कलली, आणि माझ्या तोंडातून जो आवाज निघाला तो माझा आहे हे मला नंतर वॉचमनने सांगितलं.

तपासण्या झाल्या. हृदयातला एक व्हॉल्व्ह आखडलाय, बदलावा लागेल, आणि फार थांबू नका, असं डॉक्टर म्हणाले. मी इतक्या जोरात मान हलवत होतो की त्यांनी मलाच विचारलं, "तुम्हाला बरं वाटतंय ना?"

परतताना रिक्षात बायको म्हणाली, "मी ऑपरेशन करून घेते. पण आधी तू स्वयंपाक शिकायचा."

"आपण डबा लावू की."

"डबा माझ्या आजारपणापुरता ठीक आहे. मी परत आलेच नाही तर? पुढची पंचवीस वर्षं डबा खाणार आहेस? तुझं वय काय आहे!"

रिक्षावाल्याने आरशातून आमच्याकडे पाहिलं. मी बाहेर बघत राहिलो. डॉक्टरांच्या बोलण्यापेक्षा मला त्या पंचवीस वर्षांची जास्त भीती वाटली. इतकी वर्षं मी आमच्या वयांतला फरक मागे बघून मोजत होतो. मी शाळेत जायला लागलो तेव्हा ती कॉलेजात होती, असली गंमत. तो फरक पुढेही पडलेला आहे, आणि तिथे मी एकटाच असणार आहे, हे मला त्या रिक्षात पहिल्यांदा दिसलं.

अट साधी होती. वरण, भात, भाजी, चपाती आणि बांगड्याचं कालवण. ती कोकणातली, तिच्या लेखी माशाशिवाय जेवण म्हणजे उपास. हे सगळं एका वेळी, तिच्या मदतीशिवाय जमलं की मी पास. मग हॉस्पिटलला फोन.

आता माझी लायकी सांगतो. मी वालीवच्या एका कारखान्यात माल तपासतो. पंपाचे सुटे भाग टेबलावर येतात, मी बघतो, मोजतो आणि जरा कमी-जास्त असलं की लाल चिठ्ठी लावतो. लोक मला घाबरतात. असा माणूस घरी ओट्यापुढे उभा, आणि मागे खुर्चीवर बसून बायको त्याला लाल चिठ्ठ्या लावतेय.

"कुकरला पाणी घातलंस?"

"घातलं."

"कुकरमध्ये घातलंस. डाळीत घातलंस का?"

पहिल्या काही दिवसांचं मी बोलत नाही. चपात्यांबद्दल तर मुळीच नाही. पण हळूहळू हात बसायला लागला आणि तिथेच माझी खरी पंचाईत सुरू झाली. एका रविवारी माझं वरण चांगलं झालं. मी चमचाभर चाखलं, खात्रीसाठी आणखी चमचाभर चाखलं आणि घाबरलो. हे असंच जमत गेलं तर मी पास होणार. मी पास झालो की ती त्या खोलीत जाणार, जिथे छाती उघडतात. मी मिठाच्या डब्यात हात घातला आणि मूठभर मीठ वरणात टाकलं.

"मामा!"

मागे माझी भाची उभी होती. ती नालासोपाऱ्याच्या एका दवाखान्यात नर्स आहे, दर रविवारी मामीचा रक्तदाब बघायला येते. तिने माझं मनगट धरलं. मुठीत अजून थोडं मीठ होतं.

"हे काय चाललंय?"

"अंदाज चुकला गं."

"मुठीने?" तिने स्वयंपाकघराचं दार लोटलं. बाहेर मामीची मालिका मोठ्या आवाजात चालू होती. "तू मुद्दाम नापास होतोयस. मामीला पुढची चक्कर आली ना, तर त्यातून ती उठेलच असं नाही. कळतंय का तुला? तुला वाटतं तू तिला घरात धरून ठेवलंयस. अरे, तू तिचं ऑपरेशन थांबवून ठेवलंयस!"

माझ्या भाचीला मी झोपाळ्यावर बसवून गोष्टी सांगितल्यात. तिच्यापुढे मी मूठ उघडून उभा होतो आणि मीठ फरशीवर सांडत होतं. तोवरची भीती मला निदान ओळखीची झाली होती. ही नवी होती. बायको मरेल ही एक गोष्ट, आणि माझ्या वरणामुळे मरेल ही दुसरी.

दुसऱ्या दिवसापासून मी जीव ओतून स्वयंपाक करायला लागलो. कारखान्यातून रजा घेतली. बाजारात जाऊन बांगडे आणले, कल्ले उघडून लाल आहेत का बघितले. तिच्या सांगण्याप्रमाणे तिरफळं घातली. सगळं जेवण टेबलावर मांडलं आणि समोर बसलो.

तिने घास घेतला. "भात फडफडीत झालाय."

पुढच्या खेपेला भात मऊ केला. "चपाती जाड आहे." चपात्या पातळ केल्या. "कालवणाला चिंच जास्त." चिंच कमी केली. "आता पांचट लागतंय."

मी घाबरून आणखी मन लावायचो. ती जिना चढताना आता दोनदा थांबत होती, आणि मी भाताच्या एका शितात तिचा जीव अडकल्यासारखा कुकरपुढे उभा राहायचो. मग एके दुपारी ती "भाजी कच्ची आहे" म्हणाली आणि मी तिच्याच ताटातली फोड उचलून खाल्ली. भाजी शिजलेली होती. भात खाल्ला. नीट होता. कालवण चाखलं आणि, स्वतःचं कौतुक करायची मला लाज वाटते म्हणून एवढंच सांगतो, की चांगलं होतं.

आयुष्यभर मी माल तपासलाय. चांगल्या मालावर कोणी लाल चिठ्ठी लावत असेल तर मला ते लगेच कळतं.

"माल बरोबर आहे," मी म्हणालो. "तू मुद्दाम परत पाठवतेयस."

तिने चपातीचे दोन तुकडे केले.

"मॅडम," मी म्हणालो. लग्नाआधी कारखान्यात ती माझी वरिष्ठ होती, तेव्हाची हाक आहे ती. अजूनही फार घाबरलो की तीच तोंडात येते. "काय झालं?"

"मला भीती वाटते रे," ती म्हणाली.

इतक्या वर्षांत हे वाक्य मी तिच्या तोंडून ऐकलेलं नव्हतं. घाबरायचं खातं माझ्याकडे होतं. आईने घरात घ्यायला नकार दिला तेव्हा मी रडलो आणि तिने भाड्याची खोली शोधली. आई गेली तेव्हा तिने माझ्या हातात चहा दिला आणि लोकांना फोन केले. मोठी ती होती, मग घाबरणार कोण? मलाच ते शोभत होतं. आता ती माझ्यासमोर अर्धी चपाती हातात धरून बसली होती आणि तिची हनुवटी हलत होती.

"मला वाटलं, तू शिकेपर्यंत वेळ जाईल," ती म्हणाली. "तुला सहा महिने तरी लागतील असं धरलं होतं मी. तू लवकर शिकलास."

"मलाही भीती वाटते."

"ते माहितीय मला. तुझं ते खारट वरण खाल्लंय मी."

मी तिथेच बसून हॉस्पिटलला फोन लावला. पलीकडची मुलगी माहिती विचारत होती. बायकोचं वय मला दोनदा सांगावं लागलं. पुढच्या आठवड्यात भरती व्हायचं ठरलं. बायको माझ्याकडे बघत होती. मी फोन ठेवला. माझा चेहरा तिला दिसू नये म्हणून मी घाईघाईने भांडी गोळा केली, सिंकपाशी गेलो आणि नळ सोडला.

"अरे," मागून ती म्हणाली, "जेवतेय ना मी अजून!"

मी तिचं ताटही उचललं होतं. भात, कालवण, अर्धी चपाती, सगळं तसंच. ताट परत तिच्यापुढे नेऊन ठेवलं. ती जेवायला लागली. सावकाश, एकेक काटा बाजूला काढत. मीही समोर बसून राहिलो. नळ चालूच होता, तो बंद करायला दोघांपैकी कोणी उठलं नाही.