दादाचा टावेल

त्या दिशी सकाळीच लाईट गेल्ती. अश्वीनं कालिजातल्या सरांपुढं बोलायला मोबाईलच्या नेटवर लॅपटॉप लावला आन दादा नेहमीसारखा लॅपटॉपच्या मागं खुर्ची टाकून बसला. पडद्यावर सरांची नुसती नावं दिसत्यात, तोंडं न्हाईत. मग बोलायचं कुनाकडं बघून? म्हनून ती बापाकडं बघून बोलायची.

दादा म्हंजे सहादेव, माजा थोरला भाऊ. काष्टीत आमची लिंबाची बाग हाय. त्याची पोरगी अश्विनी, लिंबाच्या खैऱ्या रोगावर संशोधन करती. पर बोलनं लई भरभर. पहिल्यांदा कालिजात बोलली तवा कुनाला काय कळलंच न्हाई. घरी येऊन रडली. दादा म्हनला, "माज्यापुढं बोल. न्हाई कळलं का मी टावेल वर करीन."

"आबा, मग तुमचा टावेल वरच ऱ्हाईल."

"ऱ्हाऊंदे. आगं, म्हशीबी एवढ्या घाईनं वैरन खात न्हाईत!"

तवापासून गोठ्यात, बागेत, जेवताना टावेल वर. चित्र दाखवलं का जरा गप ऱ्हायचं, लोकांला बघू द्यायचं, मग बोलायचं. हे ती तशीच शिकली.

त्या दिशी दोनदा टावेल वर झाला. मग तिची नजर पडद्यावरच्या चित्रांवर, आन टावेल काय परत वर झालाच न्हाई. पोरगी खूश, आबाला सगळं कळतंय. शेवटपर्यंत बोलली, सर शाबास म्हनले. लॅपटॉप मिटला तर दादाची मान छातीवर, टावेल मांडीवर. डॉक्टर म्हनले हार्ट बंद पडलं, आवाजबी निघाला नसंल.

अश्वी मला म्हनली, "तात्या, मी बोलत राहिले आन आबा गेले. आता मी कुनापुढं उभी ऱ्हानार न्हाई." आन कालिजात समोरासमोर शेवटचं बोलायचं बाकी. न्हाई बोलली तर इतक्या वर्षांचं सगळं वाया.

वयनी म्हनली, "नको बोलूस. पर मग त्ये रोज कशाला बसायचे तुज्यापुढं?"

काल तिला घेऊन नगरला तिच्या कालिजात गेलो. हॉल भरल्याला. मी पुढंच बसलो. पोरगी उभी राहिली आन खाली बघून तेच, भरभर. लोकं मोबाईल बघाय लागली. मला एक सबूद कळंना. दादाचा टावेल माज्या खांद्यावर हुता. त्यो वर केला. मागं कुनीतरी हसलं. मी तसाच धरून बसलो.

हसनं ऐकून अश्वीनं वर बघितलं. थांबली. पानी पिली. मग पयलं चित्र पुन्यांदा लावलं, जरा गप राहिली आन म्हनली, "परत सांगते."