राजेशची पेटी आणि चांगूभावजींचा अ‍ॅम्प

मोड आलेले कडवे वाल सोलायला घेऊन बसले होते. गॅसवर दूध, आणि सावित्री नदीवरून उठलेलं धुकं खिडकीच्या गजांशी रेंगाळत होतं. अशा सकाळी महाडात एसटीचा हॉर्नसुद्धा उशीखालून आल्यासारखा येतो. तेवढ्यात दारावर थाप पडली. बेल असताना थाप मारणारे आमच्याकडे गावचेच असतात.

दारात चांगूभावजी. पोलादपूरच्या वर डोंगरात माझी सासरची वाडी आहे, तिथले हे माझ्या नवऱ्याचे चुलतभाऊ. शेती करतात आणि वाडीच्या नाचात गिटार वाजवतात. खांद्यावर चादरीत गुंडाळलेलं काहीतरी जड होतं, तापातलं पोर दवाखान्यात आणावं तसं जपून आणलेलं. चादर सोडली तर आत गिटारचा अ‍ॅम्प.

"बोलत नाय," एवढंच म्हणाले.

दुरुस्तीचं दुकान उघडायला वेळ होता. मी चहा दिला. समोर बसून तेही वाल सोलायला लागले, आणि हाताला काम मिळाल्यावर हळूहळू तोंडही सुटलं.

तरुणपणी ते गिरगावात वाद्यं भाड्याने देणाऱ्या एका दुकानात होते. कुठल्या अ‍ॅम्पला कुठली स्पीकरची पेटी चालेल ते बघायचं, जोडून द्यायची आणि बाजूला व्हायचं. वाजवणारे दुसरेच. पण वादक यायच्या आधी रिकाम्या हॉलमध्ये अ‍ॅम्प चालू केला की पेटीतून एक बारीक हुंकार येतो, माणूस बोलण्याआधी श्वास घेतो तसा. भावजी म्हणे त्यासाठी पेटीसमोर उभे राहायचे. हा आवाज आपल्या दरीत सोडला तर समोरच्या डोंगरापर्यंत जाईल का, तिथली गुरं मान वर करतील का, असलं काहीबाही मनात येत राहायचं. सांगताना त्यांच्या बोटांतला वाल तसाच राही, अर्धा सोललेला.

गिटार त्यांना शिकवली राजेशने. तोही आमच्याच वाडीचा, तुळजाबाईंचा एकुलता एक. मुंबईत कारखान्यात नोकरी आणि संध्याकाळी गिटार. मागच्या वर्षी तो आजारात गेला. त्याची खाट, कपाट आणि स्पीकरची पेटी टेम्पोतून वाडीवर आली.

वाडीच्या स्वतःच्या दोन पेट्या आहेत. दोन्हींवर तेलरंगात नावं: कै. अमुक यांच्या स्मरणार्थ. आमच्याकडे देवळातल्या घंटेपासून खुर्च्यांपर्यंत सगळ्यांवर असं कुणी ना कुणी असतंच. भावजींचा अ‍ॅम्प त्या दोन्हींवर छान चालायचा. परवा तिन्हीसांजेला शिमग्याच्या नाचाची तालीम चालली असताना तुळजाबाई दोघांकरवी राजेशची पेटी उचलून घेऊन आल्या. जुन्या पेट्यांच्या शेजारी ठेवली, तिच्या तोंडावरच्या कापडावर हात ठेवून बसल्या आणि म्हणाल्या, "ह्यांची माणसं बोलतात, माझा राजेश तेवढा गप का रे चांगू?"

भावजींना कळत होतं. पेट्या तिन्ही आठ ओहमच्या. अ‍ॅम्पला निदान चार ओहमचा अडसर हवा. दोन पेट्या शेजारी शेजारी जोडल्या की बरोबर चार होतात. तिसरी तशीच जोडली की तीनच्याही खाली. भातखाचराच्या बांधाला दोन खाचा पाडल्या तर पाणी बेताने उतरतं, तिसरी पाडली की वरच्या खाचराला धरवत नाही, तसंच हे. पण हातात तयार वायर होती, सगळे बघत होते, आणि म्हातारीचा हात कापडावरून हलत नव्हता.

"जोडली. वाजला ना वयनी, असा वाजला की राजेश शेजारी बसलाय वाटलं."

मग तापल्याचा वास आला आणि सगळं गप्प झालं. कुणीतरी बोललंच, तुळजाबाईची पेटी आली आणि बंद पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुळजाबाईंनी पेटी घरी नेली आणि वर लुगडं टाकून ठेवलं.

शिमगा तोंडावर होता. अ‍ॅम्प तर दुरुस्त व्हायलाच हवा होता, पण त्यानंतरही ती पेटी लुगड्याखालीच राहिली तर वाडी तिला कायमची अपशकुनी म्हणणार, हे भावजींना खात होतं.

त्यांनी ताटात पेट्या म्हणून दोन वाल एकामागे एक ठेवले आणि तिसरा एकटा बाजूला. मी कॉलेजात फिजिक्स केलेलं. बोटांवर हिशेब केला: एकामागे एक दोन म्हणजे सोळा, त्यांच्या शेजारी आठ, मिळून पाचाच्या थोडं वर. चारच्या खाली जात नाही, चालेल. पण मग एकट्या पेटीवर बाकी दोघींच्या मिळून दुप्पट भार येतो, मी म्हटलं.

"म्हणून तर एकटी राजेशची ठेवायची. ती साठ वॅटची हाय, पेलंल. जुन्या दोन तीस-तीसच्या."

म्हणजे जुन्या पेट्या हळू वाजणार. त्यांची घरची माणसं रुसणार नाहीत का, मी विचारलं.

"म्हातारी माणसं ती वयनी, हळूच बोलायची," भावजी म्हणाले, आणि सकाळपासून पहिल्यांदा हसले.

अशा जोडणीची वायर तयार मिळत नाही. दुपारी ते दुकानातून परत आले ते अ‍ॅम्प बोलता करून आणि नवी वायर कथिलाचा डाग लावून घेऊन. भात आणि वालाचं बिरडं जेवले. मग अ‍ॅम्प पुन्हा चादरीत बांधला, खांद्यावर घेतला आणि उंबऱ्यात थांबले.

"शिमग्याला तुम्ही येणारच वयनी. तुळजाकाकू तुम्हालाच विचारील, कशानं बंद पडलं, तुम्ही शिकलेल्या. तिला सांगा, वायर खराब व्हती. पेटीचं नाव काढू नका."