जुन्या कॉम्प्युटरची मागची फट

टीव्हीवर काळे-पांढरे चौकोन आले आणि तिथंच थांबले. गावंडेकाका माझ्याकडे बघत होते. मी टीव्हीकडे.

"बंद कर, बंद कर!" काका ओरडले.

माझं बोट आधीच स्विचवर होतं. मशीनच्या मागं लावलेला नवीन बोर्ड काढून ते पुन्हा चालू केलं. सगळं ठीक. बोर्ड लावला, पुन्हा चौकोन.

हे मशीन म्हणजे ऐंशीच्या दशकातला घरगुती कॉम्प्युटर. कीबोर्डच्या पोटातच सगळं असतं आणि स्क्रीन म्हणून टीव्ही जोडायचा. त्यात डिस्क नाही. प्रोग्राम गाण्याच्या साध्या कॅसेटवर ठेवायचा. टेप लावला की कर्कश आवाज येतो, तो आवाज मशीनला प्रोग्राम म्हणून कळतो.

काका कोळसा खाणीच्या वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिशियन होते. तरुणपणी नागपूरहून हे मशीन आणलं आणि त्यावर स्वतः एक गेम लिहिला. कोळशाचा ट्रक खड्डे चुकवत वणीहून चंद्रपूरला न्यायचा. खड्ड्यात गेला की कोळसा सांडतो. गेम काकांनी लिहिला, पण खेळतात काकू. अजूनही, दुपारी जेवण झाल्यावर.

आता कॅसेट झिजली होती. कधी लोड व्हायची, बहुतेक वेळा नाही. कागदावरचा प्रोग्राम वाळवीनं खाल्ला. काकांचे हात थरथरतात, पुन्हा टाइप करणं शक्य नाही. कॅसेट गेली की गेम गेला.

म्हणून मेमरी कार्ड. मोबाईलमध्ये घालतो तसंच. ते एका छोट्या बोर्डात बसतं आणि बोर्ड मशीनच्या मागं लागतो. कॅसेट एकदा नीट लोड झाली की बोर्डावरचं बटण दाबायचं, गेम कार्डावर उतरतो. काकांच्या मुलीनं पुण्याहून बोर्ड पाठवला होता. लावायचं काम माझ्याकडे आलं.

मी मालवणकडचा. शाळा नववीत सुटली. फिरत फिरत वणीला आलो, तेव्हा इस्माईलभाईंनी रिपेअरिंगच्या दुकानात ठेवून घेतलं, सोल्डरिंग शिकवलं, दुकानावरची खोली दिली. त्यांनी मला कधी जा म्हटलेलं नाही. तरी काही बिघडलं की मी मनातल्या मनात बॅग भरायला लागतो.

भाईंना फोन केला.

"बोर्ड नवा हाये ना?"

"हो भाई."

"मग जुन्याकडं पाह्य. नवं लावलं अन् बिघडलं, तं लोक नव्यालेच शिव्या देतात. अन् घाबरून काहून राह्यला? जळलं काय?"

"नाही."

"मग झालं तं."

बोर्ड मशीनच्या मागच्या फटीत बसतो. आत मशीनच्या मुख्य बोर्डाची कडा असते, तिच्यावर तांब्याच्या बारीक पट्ट्या. नवा बोर्ड याच पट्ट्यांना धरतो. मी टॉर्च मारला. पट्ट्या हिरव्या पडल्या होत्या. आमच्याकडे खाऱ्या हवेनं तांबं असंच हिरवं होतं. पण इथं तर वाळत घातलेला पापड तासाभरात कडक होतो. शिवाय पट्ट्यांच्या मधे काहीतरी लालसर थिजलं होतं. दोन पट्ट्या अशा जोडल्या गेल्या की एकीचा सिग्नल दुसरीत घुसतो, आणि टीव्हीवर चौकोन येतात.

मी पुन्हा भाईंना हळूच फोन लावला. "भाई, कचरा आहे आत. काय सांगू?"

"कोळशाची धूळ सांग. वणीत सगळं धुळीवर खपते."

मी खोडरबर घेतला आणि पट्ट्या घासू लागलो. पांढरा रबर लाल झाला. काकू चहा घेऊन आल्या आणि रबराकडे बघत उभ्या राहिल्या.

"ही कोळशाची धूळ," मी म्हणालो.

"लाल? अरे बाप्पा, हे तं माह्यं कुंकू हाये!"

दर दसऱ्याला इथं विळे, कोयते, मोटारसायकल, सगळ्यांना हळद-कुंकू लागतं. आमच्या दुकानात सोल्डरिंग गनलासुद्धा मी लावतो, आणि भाई स्वतः त्यासाठी झेंडू आणून देतात. काकू इतकी वर्षं या मशीनला लावत होत्या. ओलं, बोटानं, थेट फटीत.

काकांचा आवाज चढला. "तिथं लावतात काय? मशीनचा जीव घेतला असता तू!"

काकूंनी कप खाली ठेवला. "मी तं समोर लावत होती. कोणी म्हटलं, समोरचे बटनं खराब होतीन, मांगं लाव? मांगं काही नसते, रिकामी जागा हाये, असं कोण म्हणे?"

काका चष्मा पुसू लागले. बराच वेळ पुसला.

मी स्पिरिटमध्ये ब्रश बुडवून एकेक पट्टी साफ केली. पंख्याखाली वाळवलं. बोर्ड लावला. चौकोन नाही, कार्डाचा मेनू आला. आता कॅसेट.

पहिल्यांदा लोड अर्ध्यात तुटलं. मला बॅग आठवली.

"सरक," काकू म्हणाल्या. कॅसेट काढून त्यांनी पेन्सिलीनं टेप घट्ट गुंडाळला, कॅसेट तळहातावर आपटली, पुन्हा लावली. कर्कश आवाज सुरू झाला. काका थरथरता हात दुसऱ्या हातानं दाबून बसले होते. शेवटी पडद्यावर ट्रक आला. मी बटण दाबलं. गेम कार्डावर उतरला. मशीन बंद केलं, चालू केलं, कार्डावरून गेम उघडला. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच ट्रक हजर.

काकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

काकूंना पटलं नव्हतं. "एवढ्यात आला? इतकी वर्सं ते लोड होईपर्यंत मी चहा करत होती. आता चहा कवा करू?"

दसऱ्याआधी त्यांनी मला मुद्दाम बोलावून कुंकू कुठं लावायचं ते विचारलं. मी मशीनच्या झाकणावर, वरच्या बाजूला, कोरड्या बोटानं लावा म्हणालो. काकांनी ती जागा पेन्सिलीनं गोल करून ठेवली.

आता जुनं मशीन दुरुस्तीला आलं की वॉरंटी वगैरे विचारण्याआधी मी विचारतो, दसऱ्याला कुंकू कुठं लावता? लोक हसतात. मग हळूच मशीन फिरवून मागं बघतात.