मूळ देशाचा रकाना

जासई सोडून आम्ही नवरा-बायको कामोठ्याला राहायला निघालो, त्या दिवशी आमचा टेम्पो गावाबाहेर पडेचना. पुढे कंटेनरचे ट्रेलर, मागे ट्रेलर. तासभर जागचा हलला नाही. रडून-भेटून घरी गेलेली आई चहाची किटली घेऊन पुन्हा आली. बाबा खिडकीशी उभे राहून म्हणाले, "रडतंस कशाला? कामोठा काय विलायत हाय?"

विलायत आमच्याकडे आधीच येऊन बसली होती. जिथे आमचा भात व्हायचा, तिथे आता बंदराच्या मालाचं यार्ड, देशोदेशीची नावं लिहिलेले कंटेनर एकावर एक रचलेले. जग आमच्या शेतात राहायला आलं आणि जागा अपुरी पडली म्हणून आम्ही निघालो.

गावातल्यांनो, तुम्ही फोनवर विचारताय, "नोकरी सोडलीस म्हनं, आता परत येतंस का?" आणि माझ्यासारखे निघून कुणी खारघरला, कुणी दुबईला गेलात, तुमचीही कुजबूज कानावर येते. एकदाच सांगते, ऐका.

पनवेलला एक्स्पोर्टचे कागद करणाऱ्या एका ऑफिसात मी नऊ वर्षं होते. तेव्हा साहेब म्हणायचे, "मॅडम, आता देशबिश काही नाही, सगळं जग एक मार्केट." मला पटायचं. आपल्या शेताचं काहीतरी चीज झालं, असं वाटायचं. मग वारं फिरलं. जो तो देश आपापलं कुंपण उंच करायला लागला. याच्या मालावर एवढी ड्युटी, त्याच्या मालावर तेवढी, रोज सकाळी नवा फतवा. साहेबांच्या टेबलावर छोटा तिरंगा आला. तो मला आवडायचा. देश माझाही आहे.

एका शुक्रवारी नळांचे खोके तपासायला यार्डात गेले. यार्ड म्हणजे आमचंच शेत, बरं का! पास दाखवल्याशिवाय आत सोडत नाहीत. एका खोक्यावरचं 'मेड इन इंडिया' स्टिकर कोपऱ्यात सुटलं होतं. ओढलं, तर खाली दुसऱ्याच देशाचं नाव. माल तिकडूनच आला होता. इथे फक्त स्टिकर लागलं, कारण तो जिथे जाणार होता तिथे भारताच्या मालाला ड्युटी कमी.

साहेब हसले. "मूळ देशाच्या रकान्यात इंडिया टाका आणि सही करा. देशाचीच एक्स्पोर्ट वाढतेय ना? एवढा तरी अभिमान ठेवा." सोमवारपर्यंत वेळ दिला, नाहीतर दुसरी नोकरी बघा म्हणाले. अस्सा राग आला! पण भीतीही तेवढीच वाटली. नवऱ्याचं काम बंद होतं, घर माझ्या एकटीवर चालत होतं.

रविवारी जासईला जाऊन बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "शेत घेणाऱ्याचा मानूस कागुद घेऊन आलता, तवा भात उभा व्हता. त्यानी लिवला पडीक, म्हंजे पैसं कमी. मना वाचता येत नव्हता, मी अंगठा दिला. लिवणारा शिकलेलाच व्हता गो."

हे मला ठाऊकच नव्हतं. इतकी वर्षं मी जगाला आणि सरकारला शिव्या घालत होते. आणि ती ओळ लिहिणारा माझ्यासारखाच कुणीतरी, पोटासाठी टेबलावर बसणारा!

सोमवारी त्या रकान्यात मी खऱ्या देशाचं नाव लिहिलं, सही केली आणि कागद साहेबांपुढे ठेवला. "देशाचं नाव मोठं करायचं तर नळ इथे बनवा की!" असं तोंडावर बोलले. त्यांनी माझा पास मागून घेतला.

भर दुपारी कामोठ्याला पोचले. लेक नुकतीच शाळेतून आली होती. काय झालं ते तिला सांगितलं, तर म्हणाली, "मम्मी, मग आता आपण जासईला जायचं?"

खरं सांगते, रिक्षात बसल्यापासून माझ्याही मनात तेच घोळत होतं. पण तिच्या तोंडून ऐकलं आणि हट्टालाच पेटले. जरा ठेच लागली की गावाकडे पळायचं, असं किती दिवस? खोटं न लिहिता इथे चार घास मिळवले, तर हे घर माझं. शोधीन दुसरं काम, नाही कोण म्हणतंय? शाळेत हसतील म्हणून लेकीशी आजवर मी गावच्या बोलीत एक शब्द बोलले नव्हते. त्या दुपारी तोंडातून तीच बोली आली.

"नाय गो," म्हटलं, "आता आपुन इथंच ऱ्हायाचा."